अर्जावरची पाच नावं

पूर्वजांच्या जेवणासाठी डुकराचं मांस मंद आचेवर तीन तास शिजवावं लागतं.

विमान डोक्यावर आलं की इथली माणसं वाक्य अर्ध्यावर सोडतात. गेलं की तिथूनच पुढे.

सेत्सुताई, माझी थोरली बहीण, गोष्टी लिहिते. दर बुधवारी परदेशी लष्करी तळाच्या फाटकापुढे निषेधाला रस्त्यात बसते. चार पोलीस तिला उचलून कडेला ठेवतात. चप्पल रस्त्यातच राहते.

मी त्याच तळाच्या गोदामात सुतार.

अर्जावर पाच नावं.

आमच्या घराण्याचं थडगं तळाच्या कुंपणाच्या आत आहे. आधी अर्ज केला तर वसंतात एक दिवस पूर्वजांसोबत जेवायला आत सोडतात. यंदा आईच्या अस्थीही ठेवायच्या होत्या.

मार्चमध्ये पेपरात ताईची गोष्ट आली. गोष्टीत एक थडगं कासवासारखं चालत निघतं आणि कुंपण मोडून समुद्रावर जातं. गोदामाच्या साहेबाने ती दुभाष्याकडून ऐकली. मला विचारलं, "ही तुझी कोण?"

"लांबची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला. पाच नावं, ताईला वगळून.

जेवणाच्या दिवशी फाटकावर ताई अगदी रंगात. "मोरी, घाम बघ तुझा! डबे काकांनी उचललेत, कलश मी. तू नुसतं पोट आणलंस."

पहारेकरी तोकाशिकी आमच्याच गावचा. यादीवरून त्याने दोनदा बोट फिरवलं. "ताई, तुमचं नाव नाही हो."

"खोडलं ना? झोंबली वाटतं गोष्ट!" ती काकांकडे बघून हसली. "मग बसतेच इथे. उचला."

"उचलतात ते पोलीस, मी नाही," तोकाशिकी पुटपुटला. "आणि खोडलं की लाल रेघ असते. इथे रेघच नाही. म्हणजे तुमचं—"

विमान आलं. गेलं. त्याने वाक्य पुढे नेलं नाही.

"अर्ज कोणी भरला?" ताईने विचारलं.

काका डब्याची गाठ उगाच सोडून परत बांधू लागले.

"नोकरीचा प्रश्न होता, ताई," मी म्हटलं.

"विचारायचं तरी होतंस, मोरी. मीच म्हटलं असतं, नको घालूस नाव."

तिने कलश माझ्याकडे दिला. "दोन्ही हातांनी धर. पायऱ्यांवर शेवाळ असतं."

मी आत गेलो. जेवलोसुद्धा.

याला नऊ वर्षं झाली. मी दर वसंतात तिचं नाव घातलेला अर्ज तिच्याकडे नेतो, ताई दार उघडत नाही.

गोदाम त्याच वर्षी जूनमध्ये बंद झालं आणि आम्हा चाळीस जणांना घरी पाठवलं.