खराब जोडी कुणाच्या घरी

निवृत्ती गायकवाडांनी टेलिफोनच्या खात्यात एकतीस वर्षं तारा जोडल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि आता लातुरात त्यांच्याच घरचं नेट दिवसातून दहादा बंद पडू लागलं.

मुलगी बुद्धप्रिया घरी बसून एका कोचिंग क्लासचे पेपर तपासायची. पेपर नेटवरून यायचे आणि त्याच संध्याकाळी तपासून परत धाडायचे असत. काम अडू लागलं तेव्हा क्लासनं कळवलं, जमत नसेल तर दुसरं कुणी बघतो.

निवृत्तींनी घरातलं सगळं तपासलं. जादाचा फोन काढला, फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदलला, नवी वायर ओढली. तरी फोन कानाला लावला की कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर. दोष बाहेर खांबावर आहे, माणूस पाठवा, असं त्यांनी तक्रारीच्या नंबरवर सांगितलं. तिकडच्या मुलीनं मॉडेम बंद करून चालू करायला लावला. दोन दिवसांनी मोबाईलवर निरोप आला, तक्रार दूर झाली. गल्लीत कुणी फिरकलंही नव्हतं. असं तीनदा झालं. चौथ्यांदाही मॉडेमच बंद-चालू करायला सांगितलं, तेव्हा निवृत्तींनी फोन आपटला आणि पक्कड घेऊन खांब गाठला.

खांबावरची पेटी उघडताच सगळा प्रकार दिसला. त्यांच्या घरची तारांची चांगली जोडी काढून कोपऱ्यावरच्या नव्या हॉस्टेलला दिली होती. त्यांच्या घराला लावली होती हिरवी पडलेली, गंजकी जोडी.

ते तसेच ऑफिसात गेले. तिथला तरुण इंजिनिअर सर्वेश शांतपणे म्हणाला, "काका, तिथं दीडशे पोरं अभ्यास करून राहिलीत. तुमचं एकच घर."

"मग नवी केबल टाका. भूकंपानंतर किल्लारीत आम्ही तंबूत फोन लावले. पण एकाचा काढून दुसऱ्याला न्हाई लावला."

सर्वेशनं लगेच लाईनमनला खांबावर पाठवलं. संध्याकाळपर्यंत नेट सुरळीत झालं आणि बुद्धप्रियाचे पेपर वेळेत गेले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या शांतम्मा आल्या. निलंग्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या. लेकीचा फोन आला की खरखरीत एक शब्द कळत नव्हता. अण्णा, जरा बघता का, म्हणाल्या.

निवृत्तींनी पेटी उघडली. हॉस्टेलला दिलेली जोडी जागच्या जागी होती. शांतम्मांची चांगली जोडी निवृत्तींना दिली होती, आणि हिरवी जोडी आता शांतम्मांच्या घरी गेली होती.

आता राग सर्वेशचा आला, तसा स्वतःचाही आला. आपल्याला चांगली जोडी मिळाल्यावर ती खराब जोडी कुठं गेली, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. गल्लीतल्या सोळा घरांच्या सह्या घेऊन ते शांतम्मांसोबत ऑफिसात गेले आणि सर्वेशसमोरच्या दोन्ही खुर्च्या अडवून बसले.

"साहेब, आता ही जोडी कुणाच्या घरी लावणार, तेवढं लिहून द्या."

सर्वेशनं लिहून दिलं नाही. मोठ्या साहेबांना फोन लावून केबलची मागणी मात्र त्यानं त्यांच्यादेखतच नोंदवली. खणायला माणसं यायला तीन आठवडे लागले. तोवर शांतम्मा लेकीशी बोलायला निवृत्तींकडे येत होत्या.

केबल पडली, खरखर गेली. 'आमचं चुकलं' असं ऑफिसातलं कुणी म्हणालं नाही. पुढं रस्त्यात सर्वेशनं दोनदा नमस्कार केला. निवृत्तींनी तो घेतला नाही.