बाळचा दोरा आणि पुण्याचं विमान

"हरलास तर सरोजिनी नगरच्या बाजारात स्टुलावर उभं राहून लेडीज टॉप विकायचे. अर्धा तास. ओरडून!" विष्णूने हात पुढे केला.

"बिल्कुल! पण हरणार तूच," म्हणत बाळने टाळी दिली.

पैज कशावर, तर पुण्याहून दिल्लीला यायला विमान हवेत किती वेळ घेतं यावर. बाळने भिंतीवरच्या नकाशाला शिवणाचा दोरा लावून अंतर काढलं होतं. अकराशे ऐंशी किलोमीटर. ताशी आठशेने दीड तास, वर पंधरा मिनिटं गंमत म्हणून. शेजारी विष्णू म्हणे, तिकिटावर सव्वादोन तास लिहिलेत, ते काय येडे आहेत?

पण पैजेच्या पोटात भलतंच दुखणं होतं. विष्णूची मुलगी तेजश्री बहिणीच्या पहिल्या हळदीकुंकवाला पुण्याला गेलेली आणि उद्या दुपारी बारा वाजता तिची यूपीएससीची मुलाखत. बाप म्हणत होता, आजच निघ. बाळने मध्येच फोन हिसकावला होता, "राहा गं आजची रात्र. सकाळी साडेआठच्या विमानात बस, सव्वादहाला इथे. दोरा खोटं बोलत नाही!"

दुसऱ्या दिवशी दोघं विमानतळाबाहेर उभे. बाळच्या स्कूटरवर जास्तीचं हेल्मेट. विमान आठ बेचाळीसला उडालं. साडेदहाला ते फोनच्या नकाशावर दिल्लीच्या अलीकडे अलवरपाशी आलं आणि तिथेच गोल फिरायला लागलं.

"हे काय रे?"

"धुकं. खाली उतरायला लाइन लागलीय," बाळ म्हणाला. दोऱ्याला लाइन कुठून कळणार?

दुसरी फेरी. तिसरी. शेजारचा ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "दो फ्लाइट जयपुर भेज दी, भाई." विष्णूने बाळचा दंड घट्ट धरला.

"बाळ्या, तू जिंकलास. मी विकतो टॉप. फक्त जयपूरला नको जाऊ दे."

आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवलेल्या बाळने फोन दोघांच्या मध्ये धरला. चौथी फेरी अर्ध्यात तुटली. विमानाचं नाक वळलं. जयपूरकडे? नाही. दिल्लीकडे!

अकरा वीसला चाकं टेकली. अकरा चौतीसला तेजश्री पळत बाहेर आली, हातात एकच बॅग.

"बस! साडी आवर, फाइल पोटाशी धर!"

"काका, सिग्नल!"

"बघतोय! तोडला तर पोलीस थांबवेल, मग गेलीच मुलाखत!" लाल दिव्यापाशी बाळ एकेक सेकंद दातांनी चावत होता. अकरा सत्तावन्नला ती यूपीएससीच्या फाटकातून आत गेली.

रविवारी संध्याकाळी सरोजिनीच्या गर्दीत गुलाबी टॉप गळ्यात अडकवून बाळ स्टुलावर चढला. "सौ का! सौ का! दीदी, हाथ लगा के देखो!" अर्धी कॉलनी व्हिडिओ काढत होती.

तेजश्री पुढे आली. "भैया, पचास में दोगे?"

"मॅडम, विमानाने फिरता आणि पन्नास?"

"उतरू नको," खालून विष्णू घड्याळ दाखवत म्हणाला, "अजून सव्वीस मिनिटं आहेत. आणि जरा मोठ्याने!"