कडेवरची खाच

मी एक जुनं चांदीचं नाणं आहे. तोंडावर राणी आहे म्हणून मी स्वतःला बाईमाणूस समजते. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल पान उलटावं. मित्रांनो, माझं वय विचारू नका. साल माझ्या पाठीवर आहे, त्यातला शेवटचा आकडा अर्धा पुसलाय, आणि तो मी कुणाच्या हौसेखातर परत उगवून देणार नाही.

टांकसाळीतून बाहेर पडले तेव्हा राणीच्या मुकुटाचा मणी न् मणी दिसत होता. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, नवं असताना कुणीही देखणंच असतं. पुढं कंडक्टरच्या पिशवीत खणखणले, मासळीवालीच्या ओल्या हातात काळवंडले, न्हाव्याच्या गल्ल्यात केसांत लोळले. मुकुट गेला, राणीचं नाक बसलं. पण जे गेलं ते राबून गेलं, कुणी ओरबाडून नेलं नाही.

मग माझं चलन बंद झालं. तेव्हा मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे होते, तिथंच राहिले. तिला सगळे आत्या म्हणतात. आत्यानं मला डबीत बसवून माझी शोभा केली नाही, कामाला जुंपलं. माझ्या कडेनं ती कापडाची दुमड दाबायची, मशीनचा स्क्रू पिळायची. त्या स्क्रूनं माझ्या कडेला एक खाच पाडली. आत्या न बघता अंगठा फिरवायची, खाच लागली की म्हणायची, "आलीस का?" पुढं तिची नजर गेली, मशीन बंद पडलं, तरी मी तिच्या मुठीतच असायचे.

तिचा भाचा दातांचा डॉक्टर. त्याला नाणी जमवायचं वेड. दवाखाना मिटला की हा पेशंटच्या दिव्याखाली नाणी मांडणार, डोळ्याला भिंग लावणार आणि एकेकीचा दर्जा ठरवणार: ही कोरी, ही चांगली, ही वापरलेली, ही गेलेली. जशी काही पोरी बघायला आलाय! स्वतःच्या नाण्याला मात्र नेहमी एक पायरी वर. त्याची बायको म्हणायची, "एवढं पेशंटकडे बघितलं असतं तर बाहेर रांग लागली असती."

त्याच्या अल्बममध्ये माझ्या सालाचं घर रिकामं होतं. तो आत्याच्या मागं लागला.

"दे ना गं आत्या. तुझ्याकडे नुसतं पडून आहे."

"पडून तू असतोस दुपारभर. नेतोस तर ने, पण आहे तसं ठेवायचं. त्याला काही करायचं नाही."

"शब्द देतो."

"देऊ नकोस, पाळ."

घरी नेऊन त्यानं मला भिंगाखाली धरलं आणि तोंड वाकडं केलं. "वापरलेलं," म्हणाला. अरे, मग काय नटवून बसवलेलं असणार होतं? पण रविवारी भिंगवाले येणार होते. हे गृहस्थ गावातल्या नाणेवाल्यांचे म्होरके; गळ्यात कायम भिंग, आणि ते म्हणतील तोच दर्जा. त्यांच्या तोंडून "चांगलं" ऐकायची याला घाई.

मग यानं काय करावं? लोकांचे दात चकचकीत करायची ती गुलाबी पेस्ट घेतली, गरगरणारं रबर घेतलं आणि माझ्या तोंडावर चालवलं. माझा काळा रंग गेला, राणीचा उरलासुरला गाल गेला. त्यात कडेची खाच त्याच्या बोटाला लागली. दाताची धार जिभेला टोचली की ही माणसं ती घासून गोल करतात; तोच हात, तीच खोड. खाच गेली. आणि हा शिट्टी वाजवत होता, मेला!

रविवारी आत्याही आली होती, मला घर मिळताना हजर राहायला. भिंगवाल्यांनी मला उचललं, तिरकं धरलं आणि लगेच खाली ठेवलं.

"डॉक्टर, हे घासलंय."

भाचा गडबडला. "आत्यानं... तिला स्वच्छतेचं फार..."

"वापरलेलं असतं तर मी आनंदानं बसवलं असतं. घासलेल्याला दर्जा नसतो."

"मी घासलं?" आत्या कोपऱ्यातून कडाडली. "आण इकडे माझं!"

त्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं. मित्रांनो, मी जन्मात कुणापुढं हात जोडले नाहीत, मला हातच नाहीत. पण तेव्हा जोडले असते. तिचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला. परत फिरला. थांबला.

"हे माझं नाही."

"अगं, तेच आहे."

"मला सांगतोस? माझं दडवलंस आणि हे गुळगुळीत कायतरी हातावर ठेवतोस? चोर कुठला!"

"मीच घासलं," एवढंच त्यानं म्हणायचं होतं. पण समोर भिंगवाले बसले होते. "अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला. "शोधतो."

आत्यानं मला टेबलावर टाकलं आणि हात पदराला पुसले.

आता मी दवाखान्याच्या खणात आहे, परक्यांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांत. अल्बमनं घेतलं नाही, आत्यानं ओळखलं नाही. तुम्हाला चमकच हवी असेल तर बाजारातून नवं आणा आणि त्याच्यापुढं बसा. जुन्या वस्तूवरची झीज कुणाच्या तरी हातची असते. ती तुमची नाही, तिला बोट लावू नका. आणि लावलंच, तर निदान तोंड उघडून तसं सांगा.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत फोन वाजतो. पलीकडून आत्या काय विचारते ते मला खणातही ऐकू येतं. हा हातातला आरसा खाली ठेवतो, खणाकडे बघतसुद्धा नाही, आणि म्हणतो, "शोधतोय, आत्या."