वत्सलाचं हॉटेल बंद नसतं

खर्डी नाक्यावर जयरामचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. खरं तर ते उभं केलं होतं त्याच्या थोरल्या भावानं, काळूरामनं. १९९३ साली काळूराम काविळीनं गेला आणि तेरावं उरकताच जयराम गल्ल्यावर बसला. काळूरामची बायको वत्सला, जिच्या हातच्या भज्यांवर ते हॉटेल चालायचं, तिला त्यानं मागं भांडी घासायला बसवलं. तिनं तेही सोसलं. पण एकदा गडबडीत भज्यांत मीठ जास्त पडलं, तेव्हा भरल्या हॉटेलात त्यानं थाळी तिच्या पायाशी भिरकावली. म्हणाला, "तुझा हातच अवदसेचा. नवऱ्याला खाल्लंस, आता धंदा खा."

वत्सलानं हात धुतले, पदराला पुसले आणि मुरबाडला माहेरी गेली. पण आठवडाभरातच परतली आणि जयरामच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, ताडपत्रीखाली चूल मांडली. बापानं विचारलं, सारा नाका सोडून तिथंच का? ती म्हणाली, "त्याला दिसाया पायजे."

जयरामची खोड तिला ठाऊक होती. रात्री घेतली की सकाळी उठायचा नाही. लग्न असो, जत्रा असो, शटर खाली. वत्सलानं नेमकं तेच धरलं. पहिल्या लोकलची माणसं नाक्यावर यायच्या आत तिचा चहा उकळलेला असायचा. अंगात ताप असला तरी, वाऱ्यानं ताडपत्री उडाली तरी, रोज. सुरुवातीला दूध नासून जायचं. मग भातसानगरचे धरणावरचे कामगार थांबू लागले, मग ट्रकवाले. इथं आलं की हात हलवत परत जावं लागत नाही, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. रोज पहिलं भजं कढईत सोडताना ती समोरच्या बंद शटरकडं बघायची. देवापुढं हात जोडूनही तिला एवढं बरं वाटत नसे.

बाप गेल्याचा निरोप आला तो ऐन सकाळच्या गर्दीत. तिनं डोळे पुसले, गिऱ्हाइकं उरकली, कामाला ठेवलेल्या हौसाला चुलीपाशी बसवलं आणि मग निघाली. पोचली तेव्हा चिता पेटली होती. भाऊ त्यानंतर तिच्याशी कधी बोलला नाही. तो दोषही तिनं जयरामच्याच माथी मारला.

दहा वर्षांत ताडपत्रीच्या जागी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. एका दुपारी जयराम रस्ता ओलांडून आला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला अहो-जाहो करत होता.

"वयनी, आठवड्यातला एक दिस तरी बंद ठेवा. तेवढीच चार मानसं माझ्याकडं वळतील."

वत्सलानं त्याला चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

"नाय रे जयराम," ती म्हणाली. "बंद ठेवायची सवय नाय मला."

त्या दिवाळीत त्याचं शटर खाली आलं ते कायमचंच. तो शहापूरजवळच्या एका फार्महाऊसवर वॉचमन लागला. पहाटे कामावर जाताना नाक्यावरून येत नसे. मागच्या भातखाचरांच्या बांधावरून, चिखल तुडवत जायचा.

हौसा एकदा म्हणाली, आता तरी जरा उशिरा उठत जा, कुणाशी चढाओढ राहिलीय?

"तो बांधावरनं जातो ना," वत्सला म्हणाली, "ते बघाया उठते मी."