पट्टा बोटभर सैल

तो ट्रक ड्रायव्हर. महिन्यातले दोन-चार दिवस घरी, बाकी सगळा संसार फोनवर. "येताना काय आणू?" हा त्याचा ठरलेला प्रश्न आणि "काही नको, तुम्ही या" हे बायकोचं ठरलेलं उत्तर. शाल आणली तरी "कशाला?", घड्याळ आणलं तरी "कशाला?" हिनं एकदा तरी तोंड उघडून काही मागावं म्हणून गडी झुरत होता.

आणि आज तिनं मागितलं. तेही कुठे, तर अपघात विभागातल्या खाटेवर! रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोनं तिला भिंतीशी चेपलं होतं. कमरेखालचं हाड दुभंगलं होतं. बाहेर थेंब नाही, सगळं रक्त आतल्या आत. डॉक्टरीणबाईंनी खुब्यांवरून रुंद पट्टा करकचून आवळला होता. "हाडं जुळून राहिलीत म्हणून रक्त आटोक्यात आहे. पट्ट्याला हात लावायचा नाही," असं बजावून त्या पुढच्या तयारीला गेल्या.

"अहो," ती पुटपुटली, "जरा सैल करा ना."

हे 'करा ना' ऐकायला त्याचे कान आसुसले होते. सैल झालेला माल उतारावर काय करतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्या क्षणी अक्कल चरायला गेली. त्यानं पट्टा बोटभर सोडला.

"बरं वाटलं," ती म्हणाली, आणि बघता बघता तिचे ओठ पांढरे पडले. मशीन ओरडू लागलं.

"मी सोडला! मीच सोडला, आवळा लवकर!"

सिस्टरनं पट्टा आवळला. "मायेनं मारता की काय बायकोला?" रक्ताची पिशवी लावून तिला आत नेलं. जांघेतून बारीक नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी बंद करायची होती.

बाहेर बाकड्यावर तो लहान मुलासारखा रडला. तिचं ते 'काही नको' पुन्हा एकदा ऐकू दे, एवढंच त्याला हवं होतं.

दुपार कलताना तिला बाहेर आणलं. रक्त थांबलं होतं. पट्टा मात्र हाडं बसवेपर्यंत राहणार होता.

तिनं डोळे उघडले. "अहो, सैल करा ना."

"नाही." त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

संसारात हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. "मग थोडे दिवस गाडीवर जाऊ नका. घरीच राहा."

"राहतो. पण वेडे, इतकी वर्षं का नाही मागितलंस हे?"

"दर फोनला मागत होते की," ती म्हणाली. "'तुम्ही या' म्हणजे दुसरं काय होतं?"