सायीच्या रंगाचे पाय

"फिकट आधी, गडद शेवटी. कुणी कितीही डोक्यावर बसलं तरी क्रम मोडायचा नाही. कळलं?"

रंगखात्याचं वेळापत्रक मांडायला बसलं की आत्याचा हा आवाज ताईच्या कानात हमखास उमटायचा. आत्या निवृत्त झाली आणि तिच्या जागेवर भाची बसली. वयाने सगळ्यांत लहान असूनही कारखाना तिला 'ताई' म्हणू लागला. कारखान्यात बागेतली बाकडी बनत. लोखंड कापून, जोडून, घासून झालं की शेवटचा मुक्काम रंगखात्यात: आधी धुलाई, मग भुकटीच्या रंगाची फवारणी, मग भट्टीत भाजणं. फवारणीच्या खोलीत काळ्या भुकटीचा एक कण जरी राहिला, तरी मागून येणारा बाकड्याचा पांढरा नळ तीळ लागल्यासारखा दिसतो. म्हणून सकाळी फिकट रंग आणि दिवस कलला की गडद. आत्याचा हा नियम ताईने डोळे मिटून पाळला होता.

आणि तरीही बाकड्यांच्या पायांवर फोड येत होते.

टाचणीच्या टोकाएवढे, बारीक. भट्टीतून पाय बाहेर आले की अंगावर पुरळ उठल्यासारखे दिसत. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. पुन्हा रंगवला, पुन्हा तेच. शेवटी जेवणाच्या सुट्टीत, भरल्या कँटीनमध्ये, साहेबांनी फवारणीवाल्या काकांकडे बोट दाखवलं.

"काका, वय झालं आता. हात थरथरतो तुमचा. पुढच्या आठवड्यापासून पॅकिंगला बसा. बसून काम, आराम आहे."

काकांनी उरलेलं जेवण तसंच झाकून ठेवलं. ताईला ते नंतर धुलाईच्या टाकीपाशी भेटले.

"ताई, हात थरथरतो, नाही कुठे म्हणतोय मी? चहाचा कप धरला की अर्धा चहा बशीत. पण फवारणीची गन हातात आली की तो शहाण्यासारखा गप्प बसतो. घरी बायको म्हणते, चहा पण गननेच प्या."

ताईला हसू आलं, पण काकांचे डोळे हसत नव्हते.

"मी शोधते, काका," ती हळूच म्हणाली. "कारण सापडलं तर सगळ्यांसमोर सांगीन. कुणाचंही असलं तरी."

"कुणाचंही?"

"शब्द दिला."

शब्द दिला तेव्हा तिला वाटलं होतं, भुकटीच ओली निघेल. पण त्याच भुकटीने, त्याच हाताने, त्याच दिवशी रंगवलेले पाठीचे नळ कसे आरशासारखे गुळगुळीत होते! फोड फक्त पायांवर. तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ती एक पाय टेबलावर घेऊन बसली. नखाने फोड उचकटला. खाली लोखंडात सुईच्या अग्राएवढं छिद्र होतं. नळ गुळगुळीत पत्र्याचे, पण पाय ओतीव. त्यांच्या अंगात अशी छिद्रं असायचीच.

मग हेच पाय इतकी वर्षं कसे नीट येत होते?

तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, तुझ्या वेळेला पायांना फोड यायचे का गं?"

"माझ्या वेळेला? एक दाखव! काळे कुळकुळीत जायचे."

"काळे. म्हणजे शेवटी."

"मग काय आधी? तुला शिकवलं काय मी?"

"धुवायचे कधी पण?"

"धुवायचं सगळं सकाळीच. मग पाय आपले पडून असायचे दिवसभर. कुठे टांगायचे म्हणून भट्टीच्या मागच्या भिंतीशी टांगायचे. मेली अडगळ नुसती! येता-जाता कोपर आपटायचं. का गं?"

ताईने वेळापत्रक पुढ्यात ओढलं. यंदा गिऱ्हाइकाला पाय सायीच्या रंगाचे हवे होते. सायीचा रंग म्हणजे फिकट. फिकट म्हणजे पहिला. तिनेच पायांना रांगेत सगळ्यांत पुढे आणून उभं केलं होतं. धुलाईतून निघाले की थेट गनसमोर. भिंतीची ऊब नाही, दिवसभराचं थांबणं नाही. छिद्रांत अडकलेलं पाणी रंगाखाली तसंच कोंडलं जात होतं, आणि भट्टीत गेलं की वाफ होऊन रंग फोडून बाहेर पडत होतं.

असं असेल. पण असेलच कशावरून?

तिने धुलाईवाल्याला काही पाय आदल्या दिवशीच धुवायला लावले आणि भट्टीच्या मागे टांगले. तो म्हणाला, "ताई, कपडे वाळत घालताय होय?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायांना ओळखीसाठी आतल्या बाजूला तारेची गाठ मारली आणि नुकत्याच धुतलेल्या पायांत मिसळून काकांपुढे पाठवलं. काकांना यातलं काही सांगितलं नाही. ते मान खाली घालून, एकेका पायाभोवती गन फिरवत राहिले. हात खरंच शांत होता.

जेवणाची घंटा झाली तेव्हा पाय भट्टीतून बाहेर येत होते. काका डबा घेऊन कँटीनकडे गेले. ताई आणि साहेब उरले. गाठ नसलेल्या पायांवर पुरळ. गाठीचा पाय साहेबांनी हातात घेतला, उलटासुलटा केला, उजेडात धरला. रंग खरंच सायीसारखा दिसत होता.

"कमाल आहे!" साहेब मनापासून म्हणाले. "म्हणजे पाय आदल्या दिवशी धुवायचे, एवढंच?"

"एवढंच. चूक माझ्या रांगेची होती, साहेब. काकांच्या हाताची नव्हती."

साहेबांनी पाय खाली ठेवला. "हे बघा ताई, रांग बदला आणि विषय मिटवा. वरच्यांना कळलं की दोनदा परत आलेला माल नियोजनामुळे, तर तुमच्या खुर्चीवर गदा येईल. तुम्ही नवीन आहात. काकांना मी गनवर ठेवतो, झालं? मात्र बोभाटा नको."

खुर्ची आत्याची होती, आणि ती मिळाली तेव्हा घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. काकांचं काम तर आता वाचलंच होतं. पण कँटीनमधल्या प्रत्येकाच्या मनात काकांचा हात अजून थरथरतच होता. उद्या एखाद्या नळावर ओरखडा आला, तरी सगळे आधी त्याच हाताकडे बघणार.

"बोभाटा नाही करणार, साहेब," ती म्हणाली. "हळूच सांगीन."

तिने एक गुळगुळीत पाय आणि एक फोडांचा पाय फडक्यात गुंडाळला. ओझं अंगावर सावरून घेतलं, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कँटीनमधून भांड्यांचा आवाज येत होता त्या दिशेने चालू लागली.