मानाच्या जागेखालचा दगड

मित्रांनो, आज माझ्या डोक्यावर अंगणातला रांजण ठेवलाय म्हणून मला कुणीही सोम्यागोम्या समजू नका. मी एक जुना, मानाचा दगड आहे. आमच्या कोरियातल्या डोंगरात जमीन तापवून घरं उबदार ठेवतात, आणि ती जमीन माझ्यासारख्या चपट्या दगडांची असते.

मला ओढ्यातून पाठीवर वाहून आणलं ते चो पानसोक यांनी. तेव्हा ते ऐन तरुण होते. त्यांनी खोलीखाली धुराच्या वाटा खोदल्या, त्यांवर आम्हाला बसवलं, सांधे मातीने लिंपले आणि वर तेल पाजलेला कागद डकवला. बाहेरच्या चुलीत लाकडं पेटली की धूर आमच्या पोटाखालून जायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. मी चुलीच्या अगदी तोंडाशी होतो. त्यामुळे माझ्यावरची जागा सगळ्यात गरम आणि घरात सगळ्यात मानाची. पाहुणा आला की "अहो, इकडे सरका, इकडे!" म्हणत त्याला माझ्यावर बसवत. उशिरा येणाऱ्याच्या भाताचं भांडं गोधडीत गुंडाळून माझ्यावरच ठेवत. मला त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

कधी एखादा सांधा उघडला तर धूर वर यायचा, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचा. मग पानसोक कुरकुरत मातीचा गोळा घेऊन यायचे आणि फट बुजवायचे.

पुढे डोंगर बोडके झाले आणि लाकूडतोडीवर बंदी आली. पानसोकांचा मुलगा दालसू आणि सून मालसून यांच्यापुढे प्रश्न पडला, आता जाळायचं काय? मालसूनला दिवस गेले होते.

"मामंजी, गोळा केलेलं सरपण रानरक्षक हिसकावून घेतात. माझे हात बघा, कसे फुटलेत! आपण त्या भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या आणू या."

"आणा की, मी कुठे नको म्हणतो?" पानसोक म्हणाले. "पण लाकडाचा धूर बोंब मारून फट दाखवतो. कोळशाचा वायू मुका असतो, सूनबाई. आधी जमीन उखडा, नव्याने लिंपा, मग कोळसा घाला."

"बाबा, थंडी तोंडावर आलीय," दालसू म्हणाला. "ओली माती वाळणार कधी? उन्हाळ्याच्या तोंडाला बघू."

आणि त्यांनी काय केलं असेल? जुन्या कागदावरच नवा, पिवळाधमक कागद चिकटवला. खोली कशी लखलखली! पण मला तडा गेला होता, मित्रांनो. कागदाखाली तो दिसत नव्हता आणि धूर नसल्यामुळे कळतही नव्हता.

मालसूनला मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला गरम जागा देतात. पण पानसोक तिथून हलेनात. मालसून तान्ह्या पोरीला घेऊन मागच्या गार खोलीत निजू लागली. शेजारची म्हातारी तोंडावर म्हणाली, "अगं बाई! बाळंतीण गारठतेय आणि सासरा शेकत बसलाय! लाज कशी वाटत नाही?"

"रोज सकाळी इथे माझं डोकं ठणकतं," पानसोक मुलाला म्हणाले. "मी उठलो की तुम्ही पोरीला इथेच आणून निजवाल. म्हणून नाही उठणार."

"वयाचं दुखणं आहे ते, बाबा! जागा सोडायची नाही म्हणून ही निमित्तं."

मालसून तर नवऱ्याकडे फणकारून म्हणाली, "यांना नातीपेक्षा स्वतःचं बूड प्यारं!" हे पानसोकांनी ऐकलं. त्यांनी गोधडी अंगावर ओढली आणि माझ्यावरच आडवे झाले.

एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी ते उठले नाहीत. दालसूने त्यांना उचलून अंगणात, मोकळ्या हवेत निजवलं. मालसून धावत गेली आणि वाडगाभर मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी घेऊन आली. कोळशाचा वायू बाधला की ते पाजायचं, असं आमच्याकडे सगळे मानतात. "मामंजी, एक घोट घ्या हो! एकच घोट!" पाणी ओठांवरून ओघळून गेलं. पानसोक गेले होते.

दालसूने रडत रडत कागद फाडला. माझा तडा आणि त्याच्या कडेने पसरलेलं काळं सगळ्यांनी पाहिलं. मालसूनने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

मित्रांनो, लाकूड जाळा, कोळसा जाळा, तेल नाहीतर वीज वापरा. जे परवडेल ते निवडा. पण आग बदलण्याआधी तिच्यावरची जमीन तपासा. आणि घरातलं माणूस "डोकं दुखतं" म्हणालं तर आधी त्याचं ऐका. मी दगड होतो, मला सांगता आलं नाही. ते तर सांगत होते.

पुढे त्या घरात बाहेर बॉयलर बसला, जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या आणि आम्हा दगडांना बाहेर काढलं. पहिल्या संध्याकाळी दार उघडं होतं, म्हणून मला आतलं दिसलं. आता सगळी जमीन सारखीच गरम होती. मालसून पोरीला घेऊन उभी राहिली, इकडेतिकडे बघत राहिली, आणि मग चुलीकडच्या कोपऱ्यात जाऊन तिने तिला खाली ठेवलं.

"बस गं बाळा, आता बस," ती म्हणाली. "आजोबांनी तुला इथे बसू दिलं नव्हतं."